टायरवाल्या मामांना पत्र

मामा, साष्टांग नमस्कार.

आषाढात चिखलानं माखलेली जीप तुमच्या दारात लावली, तेव्हा मी 31 इंच उंचीचे, साडेदहा इंच रुंदीचे टायर घ्यायचं ठरवूनच आलो होतो. पैसेही खिशात होते. तुम्ही पैशाला हात लावला नाहीत, आधी टेप काढलीत.

आदल्या दिवशी आत्याला कणकुंबीकडं सोडायला निघालो होतो. जांबोटीच्या पुढं आडवाटेला लागल्यावर चिखलासाठी टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवली. उतारावर पुढचं चाक जांभ्या दगडाला घासलं आणि टायर डिस्कवरून, म्हणजे चाकाच्या रिमवरून, सुटला. फटीत तांबडी माती गेली. स्टेपनी बसेपर्यंत आत्या भर पावसात माझ्यावर छत्री धरून उभी होती. टायर बारीक पडला, असंच मला वाटत होतं.

तुम्ही डिस्क उताणी केलीत. मी बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत 10 इंच मोजले होते. तुम्ही टायर जिथं बसतो तिथं, कडांच्या आतून मोजलंत: 9. ‘‘हे बघ की, तुझ्या 235/75 आर 15 मापाच्या टायरला 6 ते 8 इंच रुंदीची डिस्क चालते. साडेसहा सगळ्यात बरोबर.’’ रुंद डिस्कवर टायर ताणला जातो, बाजूचा फुगवटा जातो, डिस्कची कड दगडापुढं उघडी पडते आणि हवा कमी केली की टायरची पकड सुटते, हे तुम्ही बोट फिरवून दाखवलंत. ती ओरखडलेली कड अजून डोळ्यांपुढं आहे. दिसायला भारी म्हणून घेतलेल्या त्या डिस्क विकणाऱ्यानं यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं.

‘‘मग 31 चाच घालतो,’’ म्हणालो. त्याला 7 ते 9 ची डिस्क चालते, म्हणजे माझ्या 9 च्या डिस्कवर तो अगदी शेवटच्या मापाला बसणार. बसला असता, मामा, आणि तुमची विक्रीही झाली असती. पण माझ्या 29 इंच उंचीच्या टायरच्या जागी 31 चा आला की स्टेअरिंग पूर्ण वळवताना घासेल, गाडी ओढायला जड होईल, काटा खऱ्यापेक्षा कमी स्पीड दाखवेल, हे तुम्हीच सांगितलंत. जुनेच टायर 7 इंची डिस्कवर चढवून दिलेत. फार अरुंदही नको, नाहीतर टायर मधेच झिजतो, हेही बजावलंत. हवा भरताना पोराला ‘‘साकु’’, कानडीत ‘पुरे’, म्हणालात, तो आवाज कानात आहे.

त्यानंतर श्रावणभर त्याच वाटेनं गेलो. हवा उतरवली, दगड लागले, टायर एकदाही सुटला नाही. आता आत्या पुढच्या सीटवर निवांत बसते. तिनं तुमच्यासाठी काजू बाजूला ठेवलेत.

दिवाळीआधी येतो. स्टेपनी अजून 9 वरच आहे, तेवढी एक 7 ची डिस्क माझ्यासाठी ठेवा.

तुमचा,
जीपवाला भाचा