आईची चक्कर मानेची नाही, बहुतेक कानाची आहे

पुणे, रविवार

ती. आई-बाबांना सा. न.

गणपतीहून परत आले तरी ऋषिपंचमीची पहाट डोळ्यांपुढून हलत नाही. आई, तू डाव्या कुशीवर वळलीस आणि एकदम पलंगाची कड धरलीस. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. "धर गं मला, घर फिरतंय," म्हणालीस. माझी नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. चाळीस सेकंदांत सगळं थांबलं. बाबांनी बीपी मोजलं, ते व्यवस्थित होतं. आणि तासाभराने तू ऋषीची भाजी निवडायला बसलीस, जणू काही झालंच नाही. वर्षभर आपण ही चक्कर मानेची धरून चाललोय.

ते चाळीस सेकंद मी इथे कानाच्या डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, तपासल्याशिवाय ठरवता येणार नाही, पण कूस बदलताना, वर बघताना किंवा वाकताना येणारी आणि मिनिटभरात जाणारी चक्कर बहुतेक वेळा कानाची असते. बीपीपीव्ही म्हणतात तिला.

बाबा, तुम्हाला कारण कळल्याशिवाय पटत नाही, म्हणून नीट लिहिते. कानाच्या पडद्याच्याही आत तोल सांभाळणारा भाग असतो. तिथे एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक कण बसलेले असतात. आपल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यात असतो, तोच पदार्थ. वय वाढलं की त्यातले काही सुटतात आणि शेजारच्या अर्धगोल नळीत शिरतात. त्या नळीत द्रव असतो. आईने कूस बदलली की कण घरंगळतात, द्रव ढवळतो आणि मेंदूला निरोप जातो, की डोकं गरगर फिरतंय. डोकं तर उशीवर स्थिर असतं. त्या गोंधळात भिंती फिरतात. कण तळाला बसले की सगळं शांत होतं.

आता सांगा, यावर मानेचा पट्टा काय करणार? वर्षभर लावलात तिला, उन्हाळ्यात मान घामोळ्यांनी भरली. चक्करेच्या गोळीचंही तेच. गोळीने कण जागेवरून हलत नाहीत. गुंगी मात्र येते, आणि या वयात गुंगीत पडायची भीती जास्त. त्यातल्या काही गोळ्या महिनोन् महिने घेतल्या तर म्हाताऱ्या माणसांचे हात कापू लागतात, चाल मंदावते. मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना पाकीट दाखवा आणि किती दिवस चाललीय ते खरं सांगा.

उपाय साधा आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या जॉन एप्ली या कानाच्या डॉक्टरांनी १९९२ साली तो प्रसिद्ध केला, आता आपल्याकडेही सर्रास करतात. आधी आईला बसवून मान एका बाजूला वळवतील आणि पटकन आडवं करतील. चक्कर येईल, बुबुळं थरथरतील. त्यावरूनच कुठला कान ते कळतं. मग डोकं दुसऱ्या बाजूला, मग कुशीवर, नाक जमिनीकडे, प्रत्येक वेळी अर्धा-एक मिनिट थांबून, आणि शेवटी उठवून बसवतील. कण नळीतून बाहेर, आपल्या मूळ जागी. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं. पुष्कळांना एक-दोन वेळात आराम पडतो. पुन्हा होऊ शकतं, तेव्हा पुन्हा करायचं. पण बाबा, मोबाइलवर बघून घरी करू नका, तिची मान आधीच दुखते.

आई, तू फडताळातले डबे खाली आणून ठेवलेस, देवळाच्या पायऱ्या सोडल्यास, रात्री दोन उशांवर बसल्यासारखी झोपतेस. फोनवर यातलं काही सांगितलं नाहीस. मला फार वाईट वाटलं.

ऐकू कमी येत असेल, कानात आवाज होत असेल, चक्कर तासन् तास टिकत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग, मग दुखणं वेगळं असू शकतं. आणि बाबा, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळा पडला किंवा तिला उभंच राहता येईना, तर कान-बिन म्हणत बसू नका, माझ्या फोनचीही वाट बघू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या. तो मेंदूचा झटका असू शकतो.

तोवर रात्री न्हाणीकडे जाताना दिवा चालू ठेवा. उठताना आधी मिनिटभर पलंगावर बसायचं.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते. शनिवारी अकराची वेळ घेतली आहे. आई, त्या दिवशी सकाळी पोटभर खाऊ नकोस, तपासताना मळमळतं. चहा आणि अर्धी भाकरी पुरे. परत आल्यावर मी तुझ्यासाठी मऊभात करीन.

तुमची
मनू