जळालेल्या इंधनाचे काय, तेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील होल्टेक कंपनीची छोटी अणुभट्टी भारतात येऊ घातल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. कंपनीचे संस्थापक क्रिस सिंग मूळचे बिहारचे, सिंद्रीच्या बीआयटीतून इंजिनिअर झालेले, याचे कौतुक बातमीत ओसंडून वाहत होते. कौतुक जरूर करावे. पण हा माणूस अणुभट्ट्या विकून मोठा झालेला नाही. त्यांची ही छोटी अणुभट्टी, ‘एसएमआर-३००’, अजून जगात कुठेच उभी राहिलेली नाही. ते मोठे झाले ते भट्टीतून जळून बाहेर पडलेल्या इंधनावर, आणि बातमीत नेमके त्याचेच नाव नव्हते.

सिंग मुळात हीट एक्स्चेंजरवाले, म्हणजे एका प्रवाहाची उष्णता दुसऱ्याला देणारी यंत्रे बनवणारे. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये मीही तीस वर्षे तेच केले. ट्यूबशीटमध्ये, म्हणजे भोके पाडलेल्या जाड पत्र्यात, नळ्या बसवायच्या, हायड्रोटेस्टला पाण्याचा दाब चढवून गेजकडे बघत बसायचे आणि पहाटे एखाद्या नळीच्या तोंडाशी थेंब दिसला की पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे त्यांच्या कामातली खुबी मला जास्त कळते, असे समजा.

वापरलेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया, म्हणजे त्यातून उपयोगी युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळे काढणे, अमेरिकेने १९७७ मध्ये थांबवले. १९८२ च्या कायद्याने सरकारने शब्द दिला की ३१ जानेवारी १९९८ पासून हे इंधन आम्ही उचलू. ते आजवर उचललेले नाही. इकडे जळालेले इंधन थंड राहावे म्हणून ते ज्यात बुडवून ठेवतात, ते वीजकेंद्रांतले पाण्याचे हौद भरत चालले. १९८६ मध्ये होल्टेक निघाली आणि तिने हौदांसाठी असे रॅक दिले की तेवढ्याच पाण्यात इंधन अधिक दाटीने ठेवता यावे. तेही पुरेना, तेव्हा कोरडी साठवण आली. स्टेनलेस स्टीलचा डबा, आत हेलियम, झाकण वेल्ड केलेले. हा डबा पोलाद-काँक्रीटच्या जाडजूड पिंपात उभा करायचा. खालच्या झरोक्यातून हवा शिरते, तापते आणि वरून निघून जाते. ना पंखा, ना पंप. मला विचाराल तर त्यांच्या साऱ्या कामात हे सर्वांत देखणे. चेर्नोबिलच्या एकवीस हजारांहून अधिक इंधन-जुड्यांचे (इंधनाच्या कांड्यांच्या गठ्ठ्यांचे) कोरडे भांडारही, आधीच्या फ्रेंच कंपनीचा आराखडा फसल्यावर, होल्टेकनेच पुरे केले.

माणूस धुतल्या तांदळासारखा आहे, असे मात्र नाही. करसवलतीच्या एका प्रकरणात खटला टाळण्यासाठी होल्टेकने २०२४ मध्ये न्यू जर्सी राज्याला ५० लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. बातमीत हेही एका ओळीत बसले असते.

आता आपल्याकडचे. २६ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने होल्टेकला तंत्रज्ञान देण्याची परवानगी दिली, ती होल्टेक एशिया, टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि एल अँड टी या तिघांसाठी. ही भट्टी समृद्ध युरेनियमवर, म्हणजे युरेनियम-२३५ चे प्रमाण वाढवलेल्या इंधनावर, चालणारी. अशा इंधनाचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. १९६३ च्या करारातून तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या आल्या, १९६९ मध्ये सुरू झाल्या. १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेने इंधन देताना हात आखडता घेतला. जळालेल्या इंधनावर पुनर्प्रक्रियेला संमती दिली नाही आणि ते परतही नेले नाही. तारापुरातच आपला पुनर्प्रक्रिया प्रकल्प असताना ते इंधन तिथल्या तिथे वर्षानुवर्षे पडून राहिले.

म्हणून बातमीदाराने किती मेगावॉट आणि किती रोजगार एवढेच विचारून थांबू नये. नव्या भट्टीतून निघालेली पहिली जुडी कोणाच्या मालकीची, तिच्यावर पुनर्प्रक्रिया करण्याचा हक्क आपल्याला आहे का आणि नसेल तर ती कुठे, किती वर्षे आणि कोणाच्या खर्चाने ठेवायची, हेही विचारावे. त्यासाठी अमेरिका गाठायची गरज नाही. होल्टेक एशियाचे कार्यालय पुण्यातच आहे.

आपला,
एक निवृत्त अभियंता, चिंचवड