बकेटवरचा म्हातारा आणि आपला रस्सा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एकांचं पत्र आलेलं, परदेशी चिकनची दुकानं आली आणि आता आपला तांबडा-पांढरा रस्सा संपला म्हणून. मला काय पटलं नाही. आमच्या घरातली पोरं शनिवारी केएफसीची बकेट आणतात आणि रविवारी रश्श्याला परत वाटी पुढं करतातच की. आणि विरोध करून तरी काय झालं, १९९५ ला बंगळूरला त्यांचं भारतातलं पहिलं दुकान निघालं, पुढच्याच वर्षी कर्नाटकातल्या रयत संघ या संघटनेच्या शेतकऱ्यांनी ते फोडलं, थांबलं काय?

मला वेगळंच सांगायचंय. बकेटवरचा तो दाढीवाला म्हातारा म्हणजे पोरांना कार्टून वाटतं, पण तो खरा माणूस, केएफसी काढणारा कर्नल हारलँड सँडर्स. १९३० साली अमेरिकेत केंटकीतल्या कॉर्बिन गावात पेट्रोल पंपावर येणाऱ्या गाडीवाल्यांना जेवायला घालायचा. कर्नल म्हणजे मिलिटरीतला नव्हे, गव्हर्नरनं दिलेला मान, आपल्याकडं रावबहादूर असायचे तसा. प्रेशरमध्ये चिकन तळायची युक्ती काढली, नाव झालं, आणि मग नवा हायवे गावाला वळसा घालून गेला आन् गिऱ्हाईकच तुटलं. साठी उलटल्यावर हॉटेल विकून हा गडी गाडीत कुकर आणि मसाला टाकून गावोगावच्या हॉटेलवाल्यांना चिकन करून दाखवत हिंडला, बोली काय तर विकलेल्या कोंबडीमागं त्याला काही सेंट. नाद खुळा माणूस!

पण १९६४ ला २० लाख डॉलरला कंपनी विकली. चेहरा त्याचाच राहिला, चव नव्या मालकांच्या हातात गेली. मग हाच म्हातारा चारचौघांत म्हणायला लागला की तुमची ग्रेव्ही म्हणजे वॉलपेपर चिकटवायची खळ आहे, त्यावरनं त्याच्यावर केससुद्धा झाली.

त्यानं निदान पैसे तरी घेतले वो. आपण 'कोल्हापुरी' हे नाव फुकट वाटलंय. कुठल्याही हॉटेलात जावा, लाल रंग टाकला, वर दोन सुक्या मिरच्या ठेवल्या की झालं चिकन कोल्हापुरी, खोबरं-तीळ भाजल्याचा वास नाही, कांदा-लसूण चटणीचा पत्ता नाही. आपल्या गुळाला जीआय, म्हणजे गावाच्या नावाची सरकारी नोंद, मिळालं, चपलेला २०१९ ला मिळालं, आता रश्श्याचं पण कुणीतरी मनावर घ्या. गेल्या महिन्यात मुंबईला जाताना हायवेवर एका ठिकाणी जेवायला थांबलो, बोर्डावर 'अस्सल कोल्हापुरी' लिहिलेलं, म्हणून पांढरा रस्सा मागितला तर वेटरनं रायत्याची वाटी आणून ठेवली.

आपला एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर