तुझ्या आडनावातला र

वाकड, पुणे
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

प्रिय बऱ्या,

आठ महिन्यांत तू तीनदा फोन केलास आणि मी एकदाही उलटून केला नाही. आज रात्री बसून लिहितोय, कारण फोनवर हे मला बोलता येणार नाही. माझी तब्येत बरी, पाठ तशीच, साखर काठावर. आई मजेत आहे. झालं.

गोदाआत्याचं पेन्शन जूनपासून बंद आहे. का बंद झालं ते मला परवा, मंगळवारी कळलं. बायकोला सांगितलं तर तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता सुरू होईल ना?" तिचं बरोबरच आहे. पण हे ऐकून ज्याच्या पोटात कळ येईल असा माणूस तू एकटाच आहेस.

पहिल्यापासून सांगतो. बाबा गेल्यापासून भाऊबीजेला आत्याकडे ओवाळून घ्यायला मीच जातो. यंदाही गेलो. तेच घर, तोच ओटा, आपण हॉस्टेलवरून रविवारी यायचो तेव्हाची तीच पितळी परात. तू एका बैठकीत सात शेंगपोळ्या हाणल्या होत्यास आणि आतोबा म्हणाले होते, "याला जावई करून घेऊ नका, घर बसेल." आत्या ते अजून सांगते आणि अजून तितकीच हसते. पाणी प्यायला आत गेलो तर फडताळात तिच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट दिसलं. त्यावर पेनानं लिहिलेलं: सोम, बुध, शुक्र. रोजची गोळी ती दिवसाआड घेत होती. खोदून विचारलं तेव्हा कुठे पेन्शनचं निघालं. आतोबांच्या मागे तिला जे मिळतं तेच गेले पाच महिने आलं नव्हतं. "मग मला फोन नाही का करायचा?" तर म्हणते, "तुझ्या कामाच्या रगाड्यात तुला काय सांगायचं? आणि पंच्याहत्तरीच्या वर एस्टीला तिकीट नाही रे, म्हणून पाच फेऱ्या मारून आले."

पाच फेऱ्या, शहात्तराव्या वर्षी. दर वेळी उत्तर एकच: नाव जुळत नाही.

मंगळवारी रजा टाकली. रजा म्हणजे काय ते तुला माहीत आहे. आमचं त्याच रात्री सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, तेव्हा "फोनवर असशील ना?" या अटीवर मिळालेली. पहाटे पाचला निघालो तरी खंबाटकीत एका बंद पडलेल्या कंटेनरनं पाऊण तास खाल्ला. घाटात उभा राहून मी टीमचा रोजचा स्टँडअप कॉल घेतला. कराडला पोचेपर्यंत साडेनऊ झाले. आत्याला गाडीत घेतलं. तिनं कागदांची पिशवी मांडीवर धरली होती, रेशनकार्डापासून आतोबांच्या मृत्यूच्या दाखल्यापर्यंत सगळे कागद प्लॅस्टिकमध्ये, एकही कोपरा दुमडलेला नाही.

पेन्शनच्या कार्यालयात खिडकीवर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी होती. चांगली मुलगी, बऱ्या, हे मुद्दाम लिहितोय. आत्याचा अंगठा मशीन घेईना. साठ वर्षं राख, माती, भाकरी, त्या अंगठ्यावर रेघा राहिल्यात कुठे? मुलीनं स्वतःच्या ओढणीनं तिचा अंगठा पुसला, वर आपलं बोट ठेवून दाबला. दोनदा लाल दिवा, तिसऱ्यांदा हिरवा. आत्या खूष झाली. मग मुलीनं नावाची पडताळणी दाबली आणि पडद्यावर पट्टी आली:

"नावात तफावत आढळली. कृपया मूळ कार्यालयाशी संपर्क साधावा.."

शेवटी दोन टिंबं होती. दोन पूर्णविराम.

मी खिडकीचा गज धरला. आठवतंय ना तुला? २०१३ चा मार्च, दुसऱ्या मजल्यावरची ती एसी गळणारी खोली, जिथे हेच सॉफ्टवेअर आपण लिहीत होतो. टिंबं तूच दाखवली होतीस, आणि मी म्हणालो होतो की मजकूर मंजूर झालाय, आता एक टिंब काढायला परत सह्या घ्याव्या लागतील. 'तफावत' या शब्दावरूनही तू भांडला होतास. "गोदाआत्याला विचार तफावत म्हणजे काय, ती म्हणेल तवा का?" सगळी खोली हसली होती. बारा वर्षांनी ती पट्टी तिच्यासमोर आली आणि तिनं मला खरंच विचारलं, "काय म्हणतंय रे ते?"

मधल्या काळात ते काम आपल्या कंपनीकडून दुसरीकडे गेलं, पडद्याचा रंग बदलला, बटणं गोल झाली. आतलं कुणी हलवलं नाही.

मुलीनं दोन्ही नावं माझ्याकडे फिरवून दाखवली. जुन्या नोंदीत कुऱ्हाडे, जूनच्या फेरपडताळणीत नव्यानं टाइप केलेल्या नोंदीतही कुऱ्हाडे. "साहेब, दोन्ही सारखंच दिसतंय हो, पण सिस्टीम नाही म्हणते." मी तिला दोन्ही नावं नोटपॅडवर घ्यायला सांगितली आणि शेवटाकडून एकेक खोडायला लावलं. नव्या नावाला पाचदा बॅकस्पेस दाबल्यावर उरलं 'कुऱ', पोटात टिंब असलेला ऱ. जुन्या नावाला तिनं पाचदा दाबलं तर पाय मोडलेला र् तसाच उभा. सहाव्यांदा दाबलं तेव्हा साधं 'कुर' उरलं. मध्ये एकदा दाबलेलं काहीतरी न दिसणारं खाऊन गेलं होतं. मुलगी म्हणाली, "अय्या, हे काय?"

हे काय ते तू मला २०१३ मध्ये फळ्यावर काढून दाखवलं होतंस. डीटीपीच्या जुन्या फॉन्टातून आलेल्या डेटात आपल्या कन्व्हर्टरनं र, हलन्त (पाय मोडायची खूण) आणि मागे अक्षरं जोडणारा तो अदृश्य जॉइनर टाकलेला. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबणारा माणूस टिंबाचा ऱ टाकणार. डोळ्याला अक्षर एकच. मशीनच्या हिशेबानं एका कुऱ्हाडेत आठ खुणा आणि दुसऱ्यात नऊ. मी म्हणालो होतो, एनएफसी लाव, म्हणजे एका अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची ती युनिकोडची ठरीव पद्धत, आणि विषय संपव. एनएफसीनं ही दोन रूपं एक होत नाहीत हे तू चालवून दाखवलंस. म्हणून आठ ओळींचं फंक्शन लिहिलंस आणि वहीत चाळीस नावं काढलीस, हॉस्टेलच्या रजिस्टरातली आठवून आठवून. बऱ्हाटे, गोऱ्हे, वऱ्हाडे, कुऱ्हाडे. "ज्या गावात शिकलो त्याचंच जुनं नाव कऱ्हाड आहे, ते तरी चालू दे," असंही म्हणालास.

कॅन्टीनमध्ये मी तुला जे बोललो ते आता लिहितो, कारण इतक्या वर्षांत आपण दोघांनीही ते वाक्य परत उच्चारलेलं नाही. मी म्हणालो, "तुझ्या एका आडनावापायी सगळ्यांनी रिलीज थांबवायचं का?" तू वडापाव अर्धा ठेवून उठलास. त्या रात्री तुझ्या आठ ओळी मी स्वतः कॉमेंट करून बंद केल्या आणि वर लिहिलं, 'एज केस, फेज टू', म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट, पुढच्या टप्प्यात बघू. चार महिन्यांनी तू राजीनामा दिलास. सगळ्यांना मी सांगत फिरलो की बऱ्या जर्मनीच्या पगाराला भुलला. ते खरं नव्हतं हे तेव्हाही मला माहीत होतं.

कुऱ्हाडे हे माझ्या आत्याचं आडनाव, लेका. तुझ्या यादीत ते होतं, आणि मी यादी वाचलीच नव्हती.

आत्याचं काम तसं झालं. मुलीनं नवं नाव खोडून जुन्या नोंदीतलंच नाव तिथे चिकटवलं, पट्टी गेली, हिरवी खूण आली. वरची मंजुरी आली की पंधरा दिवसांत मागच्या पाच महिन्यांसकट पैसे जमा होतील म्हणाली. आत्यानं पिशवीतून खडीसाखर काढून तिच्या हातावर ठेवली. नंतर स्टँडसमोर चहाला थांबलो तर तिच्या ओळखीच्या दोन बायका भेटल्या. त्यांना सांगते, "माझा भाचा पुण्याहून आला आणि मशीन दुरुस्त करून दिलं." माझी पाठ थोपटत होती. मी कपात बघत बसलो.

पण मला झोप येत नाहीये ती वेगळ्याच गोष्टीनं. निघताना ती मुलगी सहज म्हणाली, "असं होतं कधी कधी. गेल्या आठवड्यात एक आजोबा असेच परत गेले. गोऱ्हे की काय नाव होतं." मी विचारलं, कुठले? तिला आठवेना. टोकन नंबर? रोजची चिठ्ठी संध्याकाळी फाडतात. नाकारलेल्यांची नोंद कुठे राहत नाही, कारण ती ठेवायची सोय आपणच केली नव्हती. ते आजोबाही घरी जाऊन गोळ्यांच्या पाकिटावर वार लिहीत असतील का? आणि ही एका तालुक्यातली एक खिडकी.

परत येताना नवले पुलापासून वाकडला यायला दीड तास लागला. पुलाच्या अलीकडे गाड्या ठप्प, आणि माझ्यासमोर हिरवी पाटी: नऱ्हे. पंचवीस मिनिटं मी त्या पाटीकडे बघत होतो. तुझ्या यादीत गावांची नावं नव्हती, तीही घालायला हवीत.

रस्त्यांचं तुला काय सांगू. घरापासून ऑफिस, म्हणजे हिंजवडी फेज थ्री, सात-आठ किलोमीटर, आणि सकाळी नऊला निघालो तर तास कुठेच गेला नाही. मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, माणपासून शिवाजीनगरपर्यंत २३ स्थानकं. खांब उभे आहेत, वर चाचणीची गाडी धावताना दिसते, खाली आम्ही तसेच उभे. खड्ड्याची तक्रार करायची तर एक तुकडा ग्रामपंचायतीचा, पुढचा एमआयडीसीचा, त्यापुढे पीएमआरडीए, चौक ओलांडला की महापालिका. गेल्या पावसाळ्यात आमच्या गेटसमोरच्या खड्ड्यासाठी मी चार ठिकाणी अर्ज दिले आणि चारही ठिकाणांहून दुसरीकडे पाठवला गेलो. तेव्हा किती तोंड टाकलं होतं मी! 'मूळ कार्यालयाशी संपर्क साधावा' हे वाक्य मीही लोकांच्या तोंडावर मारून ठेवलंय हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही.

आज सकाळी आमच्याकडे एक नवी मुलगी कॉलवर म्हणाली की अमुक परिस्थितीत पैसे दोनदा कापले जातात. लीडनं सवयीनं सांगितलं, एज केस आहे, बॅकलॉगला टाक. मी म्हटलं, आजच करूया, मी बसतो तिच्याबरोबर. म्हणून साडेनऊला घरी आलो. गुरुवार, त्यात सोसायटीत पाणी नाही. ते असो.

आता मुद्द्याचं. मी त्या कार्यालयाला रीतसर अर्ज लिहितोय. दुरुस्ती काय करायची, कुठे करायची, नाकारल्याची नोंद नसली तरी जुन्या-नव्या नोंदी ताडून जूनपासून अडकलेली नावं डेटाबेसमधून कशी शोधायची, सगळं दोन पानांत. हे काम मी केलेलं आहे आणि चूक माझी आहे हेही लिहितोय. नोकरीवर काही आलं तर बघू. पण जोडाक्षरांचा तुझा तक्ता मला तसाच्या तसा आठवत नाही. ऱ्य आणि ऱ्ह मी काढले, पण तू शब्दांमधल्या दुहेरी जागांचं आणि सुमन-सुमनबाईचंही काहीतरी केलं होतंस. ती निळी वही तू टाकलेली नसणार, तू साधी बसची तिकिटं टाकत नव्हतास. असेल तर पानांचे फोटो पाठव. नसेल तर शनिवारी तुझ्या सकाळी तासभर दे, परत काढू.

तुझं काय? स्टुटगार्टात घर मिळालं का मोठं? छकुलीचा पुढचा दात आला का? काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असं कानावर आलं, मी भेटायला गेलो नाही, या रविवारी जातो. वहिनींना नमस्कार सांग.

आत्यानं तुला विचारलंय. "तो सात पोळ्यांचा कधी यायचाय?" म्हणाली. मी म्हटलं डिसेंबरात. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. तू आलास की दोघं जाऊ. तिथे तू माझी बाजू सावरायला जाऊ नकोस, तुला ती सवय आहे. मी सांगेन, तू नुसता शेजारी बस.

तुझा,
विन्या

ता. क. तुझं नाव टाइप करताना मी आज प्रत्येक वेळी शिफ्ट-जेच दाबलंय. फोटोत अक्षर नीट दिसेल असं बघ, वहीत तू शिसपेन्सिलीनं लिहायचास.