गरम पाण्याच्या टबाबद्दल थोडं

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणालात, "नुसता पोहायचा तलाव पुरे की, गरम टब कशाला?" आणि मी "नंतर बोलू" म्हणून विषय टाळला. तेव्हापासून जीव खातोय. खरं सांगते, काम सुरू झालंय. खड्डा खणून सळ्या बांधून झाल्या. तलाव आणि टब एकत्रच बांधतोय. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, चुकलंच माझं.

सुटा टब स्वस्त पडतो, हे बाबांचं म्हणणं खरं आहे. तो दिवसभर गरमही राहतो, झाकण काढलं की बसा. आम्ही दुकानात जाऊन बघून आलो. त्याची कड तीन फूट उंच. बाहेरून पायऱ्या लावल्या तरी कडेवरून पाय टाकूनच आत उतरायचं. आई, मला तिथे उभ्या उभ्या तुझा उजवा गुडघा आठवला. आपल्या टबाची भिंत दीड फुटाचीच असेल. तिच्यावर आधी निवांत टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, बाजूला धरायला दांडी आहेच.

शिवाय सुटा टब घरामागच्या कोपऱ्यात गेला असता आणि तिथून तलाव दिसत नाही. बाबा, तुम्ही मला खालच्या विहिरीत पाठीला डबा बांधून सोडलंत, तेव्हा शेवटच्या पायरीवर उकिडवे बसला होतात, एक हात पाण्यात बुडवून. नाकातोंडात पाणी जात होतं, पण तो हात दिसत होता म्हणून मी रडले नाही. इरा आता सहा वर्षांची झाली. ती पोहायला शिकेल तेव्हा तुम्ही हाताच्या अंतरावर हवे आहात. मला एवढंच हवंय हो.

पाणी एकच, मग गरम कसं होणार, असं विचारलं होतंत. पंप, फिल्टर, हिटर सगळं एकच, फक्त झडपा फिरवायच्या. मग तलावातलं पन्नास-साठ हजार लिटर पाणी तसंच राहतं आणि टबातलं अडीच हजारच हिटरमधून फिरतं. अर्ध्या तासात तयार. मी ऑफिसातून निघतानाच फोनवरून चालू करेन, तुम्हाला बटणाला हात लावायला नको. 2021च्या फेब्रुवारीत इथे टेक्सासात गोठवणारी थंडी पडली, दिवे गेले आणि शेजाऱ्यांच्या तलावाचे पाइप फुटले. म्हणूनही सगळी यंत्रं एकाच जागी बरी, झाकायला सोपी.

आई, कपड्यांची चिंता करू नकोस. पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पोहायचे कपडे मिळतात, तुझ्या मापाचे दोन आणून ठेवलेत. भोवती सहा फुटी लाकडी कुंपण आहे, कोणी बघत नाही. गरम पाण्याच्या झऱ्यावरून आलो की तू दोन दिवस खाली मांडी घालून बसायचीस, आठवतं? तशीच तू मला इथे बसलेली बघायची आहेस.

आता जे लिहायला हात धजत नाही ते. यंदा गणपतीला आम्ही येत नाही. ऑगस्टअखेर तलावाचं प्लास्टर होईल. त्यानंतर लगेच पाणी भरून पहिले दोन आठवडे दिवसातून दोनदा भिंती ब्रशने घासाव्या लागतात, रोज पाणी तपासावं लागतं. प्लास्टर मुरायला 28 दिवस. नेमके गणपती त्यातच. मखर बाबा एकटेच लावणार, हे मनातून जात नाही. दादाला मी सांगितलंय, तो दोन दिवस आधी येईल. तुम्ही स्टुलावर चढायचं नाही, बाबा. अजिबात नाही.

आणि ऐका. जानेवारीत यायच्या आधी डॉक्टरांना विचारून या की बीपीच्या गोळ्या चालू असताना गरम पाण्यात बसलं तर चालेल का. गरम पाण्यात रक्तदाब उतरतो, उठताना चक्कर येते. इथे 40 अंशांपर्यंत चालतं म्हणतात, आपण 37च्या वर न्यायचं नाही. दहा मिनिटं, बस्स. एकट्याने उतरायचं नाही, जेवल्या जेवल्या तर नाहीच. आई, अंबाडा वर घालून बसायचं. तळाच्या जाळीत केस ओढले जायचे म्हणून 2007 साली इथे अमेरिकेत कायदा झाला, आता जाळ्या चांगल्या येतात, आम्ही दोन लावतोय. तरीही वरच बांधायचे.

रागावू नका. टबाची भिंत सोमवारी उभी राहणार आहे, तोपर्यंत उंची बदलता येईल. पडवीतली आईची वेताची खुर्ची, जिच्यावरून ती हात न टेकता उठते, तिची बैठक जमिनीपासून किती इंच आहे ते बाबा, टेपने मोजून आजच कळवा. आईला बसवून मोजा, वेत थोडा खाली गेलाय.

तुमची,
बाळी