एझच्या पायऱ्या मोजून आले

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "मग दिवाळीला कायमची येतेस ना?" आणि मी आवाज तुटतोय म्हणून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता, माझंच धाडस होत नव्हतं. फोनवर सांगायला गेले असते तर मला रडू फुटलं असतं आणि आई, तू रात्रभर जागी राहिली असतीस. म्हणून लिहून कळवते.

मी इथल्या, फ्रान्समधल्या नोकरीच्या कायमच्या करारावर सही केली आहे. गेल्या मंगळवारी. तुम्हाला न विचारता केली, हे मनाला लागून राहिलंय. पण विचारलं असतं तर तुम्ही "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाला असता आणि त्या "योग्य"च्या ओझ्याखाली मी आणखी महिनाभर काढला असता. दादा म्हणतो, पुण्यात असंच काम मिळेल. मिळेलही. पण इथं ज्या कामात चार वर्षं घातली, ते आत्ता कुठं माझ्या हातात आलंय. शिवाय कायम झाल्यावर पायाखाली जमीन येते. गेल्या ऑगस्टमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा करार संपत आला होता आणि रजा मागायची मला भीती वाटली. दादानं फोन धरला होता आणि तुम्ही वॉकर घेऊन पहिली चार पावलं टाकलीत, ती मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून बघितली. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही. आता वर्षाला पाच आठवडे भरपगारी रजा आहे, त्यातले चार साताऱ्याचे. हे मी स्वतःला समजावतेय की तुम्हाला, कळत नाही. पण खरं आहे.

आणि दुसरंही एक परस्पर ठरवून टाकलंय. 9 मेची तुमची तिकिटं काढली. सहा आठवडे. किंमत विचारू नका.

तुम्हाला कुठं कुठं न्यायचं ते डोक्यात घोळत होतं, म्हणून या रविवारी मुद्दाम एझला जाऊन आले. नीस आणि मोनॅकोच्या मध्ये, समुद्रावर उभ्या कड्यासारख्या एका डोंगरशेंड्यावर हे गाव आहे. उंची सव्वाचारशे मीटरच्या आसपास, आणि खाली थेट भूमध्य समुद्र. बाबा, तुम्ही बघताक्षणी म्हणाल, "हा तर गडच!" गडच होता. वर बालेकिल्ला, त्याला बिलगून दगडी घरं, आत शिरायला एक वळणाचा दरवाजा, चौदाव्या शतकातला. 1543 मध्ये फ्रेंच आणि तुर्की सैन्य इथं चालून आलं होतं. पुढं 1706 मध्ये चौदाव्या लुईनं वरचा किल्ला पाडायला लावला. 1706 वाचलं आणि मी पाटीसमोरच थांबले. औरंगजेब मरायच्या आदलं वर्ष. तिकडं आपल्या मुलखात ताराबाई लढत होत्या आणि इथं हे बुरूज कोसळत होते. तुम्ही बरोबर असता तर तिथंच अर्धा तास बोलला असता आणि मी पायऱ्यांवर बसून ऐकलं असतं.

1860 मध्ये कौल देऊन हे लोक फ्रान्समध्ये आले, त्याआधी सव्हॉयच्या राजघराण्याकडे होते. पण ते तुम्हाला इथं बसूनच सांगेन.

आता महत्त्वाचं, गुडघा. नीसहून बस थेट गावाच्या पायथ्याशी सोडते. तिथून वर गाडी जातच नाही, गल्ल्या तेवढ्या अरुंद. मी मुद्दाम तुमच्या चालीनं चढले, दर वळणावर थांबत. वाटेत मधोमध विटांची पट्टी आहे, तिच्यावरून चालायचं. कडेचे दगड झिजून गुळगुळीत झालेत. एका वळणावर एक आजोबा काठी भिंतीला टेकवून चौथऱ्यावर बसले होते, पायाशी भाजीची पिशवी. पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावत होती. ते उठले, पंधरा-वीस पायऱ्या चढले, पुन्हा बसले. कसली घाई नाही. मी त्यांच्या मागं मागं, तेवढ्याच वेगानं गेले आणि मला धीर आला. तुम्हाला जमेल, बाबा. पिवळ्या रंगाच्या चर्चपाशी पहिला मुक्काम करू, तिथून पुढं वाटलं तर जाऊ.

अगदी वर, पाडलेल्या किल्ल्याच्या जागी, बाग आहे. 1949 ची. आई, सगळे निवडुंग, कोरफडी आणि आपल्या बांधावरचा घायपात! इतक्या लांब येऊन घायपात बघितला तर मला काय वाटावं? मी त्याचं पान हातात धरून उभी राहिले. टोकाचा काटा तसाच काळा, तसाच टोचणारा. शाळेतून येताना त्याच्यावर नाव कोरल्याबद्दल तू मला फटका दिला होतास. तिथून खाली काप फेराचं टोक समुद्रात शिरलेलं दिसतं, पाणी किनाऱ्याशी हिरवट आणि लांब गेल्यावर गर्द निळं. या समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. गुहागरला तुम्ही दोघं भरतीची वेळ बघून मला पाण्यात सोडायचात. इथं ती काळजी नाही.

समुद्राकाठच्या स्टेशनापासून वर गावात येणारी एक पायवाटही आहे. जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे नीसला राहायचा तेव्हा तो ही चढण चढायचा, म्हणून वाटेला त्याचं नाव दिलंय. तासा-दीड तासाची खडी चढण आहे. ती मी चढले, तुम्ही चढायची नाही. हट्ट नको. चढताना सज्जनगड आठवत होता. मी सहा वर्षांची असेन, अर्ध्या पायऱ्यांवर फतकल मारली, आणि तुम्ही मला खांद्यावर घेतलंत. मी तुमचे केस घट्ट धरले होते आणि तुम्ही श्वास लागला तरी मारुतीस्तोत्र म्हणत होता, मी घाबरू नये म्हणून. त्या वेळी तुमचा गुडघा दुखत होता का? मी कधी विचारलंच नाही.

खाण्यापिण्याची चिंता करू नका. नीसला सोक्का म्हणून एक पदार्थ मिळतो: हरभऱ्याच्या पिठात पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल घालून मोठ्या तव्यात भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड. आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त खालून करपवलेलं. घरी कुकर, पोळपाट-लाटणं, तूरडाळ, सगळं आहे. तुमच्या खोलीत गादी कडक घेतली आहे, आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. मे महिन्यात हवा आपल्या महाबळेश्वरसारखी असते, तरी आई, स्वेटर आण, संध्याकाळी समुद्रावरून वारा येतो. नीसच्या किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत, तेव्हा पातळ तळव्याच्या चपला चालणार नाहीत.

आता सांगते तसंच करा. तुमच्या मुक्कामाचा दाखला मी इथल्या नगरपालिकेतून काढून कुरिअरनं पाठवतेय, तो व्हिसाच्या कागदांत वरच ठेवा. प्रवास विमा निदान 30 हजार युरोंचा लागतो, दादा काढतोय, त्याच्या मागं लागू नका. बाबांची गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत घ्या आणि गोळ्या हातातल्या बॅगेत. विमानतळावर व्हीलचेअर सांगितली आहे. "मी काय म्हातारा झालो का" म्हणू नका, बसा. आणि आई, कंदी पेढे आणायचे नाहीत, तूपही नाही. दुधाचे पदार्थ इथं आणू देत नाहीत, काढून घेतले तर तुलाच वाईट वाटेल. मेतकूट आण. कढीपत्ता वाळवून, अगदी खडखडीत.

रागावला असाल तर रागवा, पण फोनवर गप्प राहू नका. तुमचं गप्प राहणं मला सोसत नाही.

बाबा, चढायला घोट्यापर्यंतचे बूट घेऊन ठेवायचेत. ऑपरेशननंतर डावा पाय संध्याकाळी सुजतो असं आई म्हणाली होती, तेव्हा सकाळी नाही, संध्याकाळी माप घ्या आणि नंबर कळवा.

तुमची,
मनी