चिरंजीवांच्या यादीला आईचं उत्तर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळप्रवासाच्या कथामालेच्या, थिएटरात आलेल्या तेराही सिनेमांत पहिला ‘द रॅथ ऑफ खान’, शेवटचा ‘द फायनल फ्रंटियर’. टोकं कुणीही अशीच लावेल. माझं भांडण मधल्या जागांशी आहे, आणि थोडं पहिल्या जागेशीसुद्धा.

‘द व्हॉयेज होम’ सातवा? अरे, १९८६चा तो सिनेमा माझ्या यादीत पहिला आहे! त्यात खलनायकच नाही. परग्रहावरून आलेलं ते यान देवमाशांना साद घालतंय, आणि तेविसाव्या शतकात हंपबॅक देवमासे उरलेलेच नाहीत. मग उत्तर देणार कोण? म्हणून कथेचा नायक कर्क आणि त्याची यानावरची मंडळी काळात मागे जाऊन सॅन फ्रान्सिस्कोतून देवमाशांची जोडी न्यायला येतात. कुणाला हरवायचं नाही, फक्त आपणच संपवलेलं परत आणायचं. व्यापारी देवमासेमारीवरची आंतरराष्ट्रीय बंदी त्याच वर्षी अमलात आली होती. आणि विनोद किती सहज! स्कॉटी माऊस तोंडाजवळ धरून संगणकाशी बोलतो. चेकॉव्ह रशियन उच्चारात रस्त्यावरच्या लोकांना विचारतो, अण्वस्त्रवाली जहाजं कुठे उभी असतात? तेही शीतयुद्ध चालू असताना. दिग्दर्शन लेनर्ड निमॉयचं, म्हणजे कर्कचा सोबती स्पॉक झालेल्या नटाचंच.

‘खान’ माझ्याकडे दुसरा. कर्क आणि त्याचा वैरी खान एकदाही समोरासमोर येत नाहीत, सगळं वैर यानांतल्या पडद्यांवरून चालतं, तरी अंगावर काटा येतो. वाढदिवसाला चष्मा भेट मिळालेला कर्क मला दर वेळी जास्त जवळचा वाटतो (वाचायचा चष्मा मलाही लागलाय). पण खान नूनियन सिंग! मूळ मालिकेत हा माणूस उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं म्हटलंय. भूमिका केली मेक्सिकोच्या रिकार्डो माँटेलबाननं, आणि २०१३च्या ‘इन्टू डार्कनेस’मध्ये ती थेट गोऱ्यागोमट्या बेनेडिक्ट कंबरबॅचला दिली. मग तो सिनेमा चौथा कसा ठेवलास?

तिसरा ‘द अनडिस्कव्हर्ड कंट्री’. क्लिंगॉन या शत्रू परग्रहवासीयांचा चंद्र स्फोटात फुटतो, साम्राज्य डबघाईला येतं आणि जन्माच्या वैऱ्याशी तह करायची वेळ येते. चेर्नोबिल आठवतं की नाही? सिनेमा आला डिसेंबर १९९१ मध्ये, आणि त्याच महिन्यात सोव्हिएत संघ संपला. क्लिंगॉनांनी कर्कचा मुलगा मारलाय, आणि त्यांना सोबत करायला पाठवतात कर्कलाच. तो चिडतो, वाटेल ते बोलतो, मला त्याचा राग येत नाही. तू पोरगा आहेस, तुला तो हट्टी म्हातारा वाटणारच.

‘द मोशन पिक्चर’ बारावा ठेवलास ते मात्र मनाला लागलं. संथ आहे, कबूल. गोदीतल्या एंटरप्राइज यानाभोवती कॅमेरा फिरत राहतो, फिरतच राहतो. पण जेरी गोल्डस्मिथचं संगीत हेडफोन लावून ऐक, मग बोल. शिवाय इलिया झालेली पर्सिस खंबाटा आपल्या मुंबईची, १९६५ची मिस इंडिया. १९७९च्या या सिनेमातल्या भूमिकेसाठी तिनं डोक्यावरचे सगळे केस उतरवले! माझ्याकडे पाचवा. पक्षपात म्हण हवं तर.

२००९चा सिनेमा कुठे ठेवावा ते मला ठरवता येत नाही. सुरुवातीला कर्कची आई बाळंत होत असते, नवरा जहाज शत्रूवर घालायला मागे थांबलेला, बाळाचा पहिला आवाज त्याला फक्त यंत्रातून ऐकू येतो, आणि तेवढ्यात दोघं नाव ठरवतात. एवढंच मोजायचं तर तो सगळ्यांच्या वर. पुढचा पळापळीचा भाग धरून सहावा.

सम आकड्याचे सिनेमे चांगले, विषम वाईट, हा जुना नियम तू यादीखाली लिहिलायस. दहाव्या ‘नेमेसिस’नं तो २००२ मध्येच मोडला. तोच ‘नेमेसिस’ तू ‘बियाँड’च्या वर कसा ठेवलास, ते रविवारी फोनवर सांग. स्पीकर चालू ठेवीन, बाबांनाही ऐकायचंय.

तुझी,
आई